वाकड्या मोहाचा पडदा

किरनापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, दुपारी सव्वादोन

आत्या,

तुझी चिठ्ठी घेऊन रीना दुकानात आली तेव्हा मी एका नवरदेवाच्या फोटोत त्याच्या शर्टावरचा वरणाचा डाग पुसत होतो. डाग गेला, पण सोबत खिशाचं बटणही गेलं. ते परत जागेवर आणलं आणि मग तुझी चिठ्ठी उघडली. आता सुखरामभाऊ जेवायला घरी गेले आहेत, म्हणून लगेच उत्तर लिहितो. रीना उद्या तिच्या गावाहून, राजेगावहून, वडशाला तुमच्या नाटक कंपनीत परत जाणार आहे. तिच्याजवळ देईन.

तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी पाळण्यात होतो, असं आई सांगते. नववीनंतर माझी शाळा सुटली. आता सुखरामभाऊंच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसतो. शाळा हिंदी होती. मराठी आईने शिकवली, तिच्या गोंदियाच्या शाळेतली पुस्तकं समोर ठेवून. एखाद्या शब्दाची शंका आली की अजून तीच उघडतो.

तुला नाटकासाठी जंगलाचा पडदा हवा आहे. हाताने रंगवलेला नको, कॉम्प्युटरवर केलेला, खऱ्यासारखा हवा. हे मला जमेल का, ते सांगता येत नाही. आजपर्यंत मी लग्नाचे अल्बम केले, पासपोर्टचे फोटो केले, आणि एकदा गणपतीच्या मंडळाला हिमालय करून दिला. हिमालय चांगला झाला होता, पण त्याच्या पायथ्याशी मी नारळाची झाडं लावली होती. ते विसर्जनानंतर लक्षात आलं. तेव्हापासून एखादं चित्र पूर्ण झालं असं म्हणायची मला भीती वाटते.

तरी एक नमुना करून, लहान कागदावर छापून सोबत पाठवतो. मागे डोंगर, मधे धबधबा, पुढे हिरवं गवत, गवतात हरण. हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणचे फोटो आहेत. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं फोटोशॉपमध्ये चित्र रचत जातात, त्या प्रत्येक कागदाला लेयर म्हणतात. जोड दिसू नयेत म्हणून मी सगळ्या कडा मऊ केल्या आहेत.

मला एवढं कळव. पडदा किती रुंद, किती उंच? स्टेजवर दिवे कोणत्या बाजूने असतात? गोष्टीत तेव्हा सकाळ असते की संध्याकाळ? महिना कोणता?

बाबांना हे माहीत नाही. घरात तुझं नाव कोणी काढत नाही. काढू नये असा नियम कोणी केलेला नाही, पण तो आहे. म्हणून उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

टेकचंद


वडसा
२० सप्टेंबर

टेकू बाळा,

तुझं अक्षर पाहून आधी घाबरले. वाटलं, कोर्टातून काही आलं. एवढं सरळ अक्षर आपल्या घरात कोणाचंच नव्हतं.

नमुना आमच्या तालमीच्या खोलीत भिंतीला लावला. सगळे वा वा म्हणाले. म्हणूनच तो नको. हे जंगल कॅलेंडरातलं आहे रे. यात कोणी हरवणार नाही, हरवलं तर खुशीने हरवेल. आणि ते हरण! फोटो काढून घ्यायला आल्यासारखं उभं आहे. त्याला घरी पाठव.

गोष्ट सांगते, म्हणजे तुला कळेल. नाटकातल्या बाईला नवऱ्याने घरातून काढलंय. ती माहेरी जायला निघते. वाटेत जंगल लागतं, आणि तिथे तिला समजतं की माहेरीही कोणी दार उघडणार नाही. पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. मग ती एका झाडाशी बोलत बसते. तो सगळा प्रवेश माझा एकटीचा आहे. मी आणि झाड. झाड खोटं वाटलं तर मी वेडी दिसेन, खरं वाटलं तर लोक रडतील. आता बघ, तुझ्या हातात काय आहे ते.

पडदा वीस फूट रुंद, बारा फूट उंच. दिवे समोरून, प्रेक्षकांच्या डाव्या हाताकडून जास्त. वेळ पहाटेची. महिना फाल्गुन धर. आणि फ्लेक्सवर छापू नको, कापडावर छाप. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीने फ्लेक्सचा चकचकीत पडदा आणला होता, तर त्यांच्या जंगलात हॅलोजनचे चार सूर्य उगवले.

फोन काहून नाही करत, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. दादा म्हणायचा, शीला बोलली की नाटकच करते. कागदाला आवाज नसतो. इथे तरी माझ्यावर विश्वास बसेल.

घरातला नियम मला माहीत आहे. तो दादाने नाही, मीच करून ठेवला. लग्न ठरलेलं, पानसुपारी झालेली, आणि मी कंपनीच्या गाडीत बसून निघून आले. त्या पाहुण्यांच्या दारात दादाला एकट्याला हात जोडून उभं राहावं लागलं. नंतर मी दोनदा गावी आले. दोन्ही वेळा तो मागच्या दाराने शेतावर निघून गेला.

असो. जंगल कर. पण आपण जिथे कधीतरी उभे होतो, तसं कर.

तुझी आत्या


किरनापूर
शुक्रवार, ३ ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊ, दुकान नुकतं उघडलं आहे

आत्या,

काल दसऱ्याची सुट्टी होती. उजाडायच्या आधी सायकल काढून आपल्या शेताच्या पलीकडच्या जंगलात गेलो आणि मोबाइलवर फोटो काढत बसलो. साजाचे बुंधे, तेंदूची पानं, वाळवीची वारुळं, वाट, वाटेवरच्या मुळ्या. आईला सांगितलं होतं की सोनं आणायला जातो. म्हणून आपट्याची पानंही आणली, म्हणजे अगदी खोटं झालं नाही.

तिथे एक गोष्ट पाहिली, ती मला आजपर्यंत दिसली नव्हती. जंगल हिरवं नसतं. पहाटे ते आधी राखाडी असतं, मग निळं होतं. हिरवा रंग सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही फक्त जवळच्या पानांना. लांबच्या झाडांना हिरवं व्हायला वेळच मिळत नाही, तोवर ऊन येऊन त्यांना पिवळं करतं.

दुपारी दुकान उघडून तसंच करून पाहिलं. झाडांच्या चार रांगा चार लेयरवर ठेवल्या. जी रांग लांब, ती जास्त फिकी, जास्त निळी आणि थोडी धूसर. मग पांढऱ्या ब्रशने, अगदी हलक्या हाताने धुकं केलं आणि ते एकेका रांगेच्या मधे सरकवत गेलो. प्रत्येक वेळी जंगल थोडं आत जात होतं. आधी ते काचेवर होतं, मग काचेच्या मागे गेलं, मग भिंतीच्याही मागे. पंखा बंद होता, तरी मला थंडी वाजली. मधेच वाटलं की त्या वाटेवर कोणीतरी आत्ताच चालत गेलं आहे आणि धुकं अजून त्याच्यामागे मिटायचं आहे. मग सुखरामभाऊंनी शटर वर केलं आणि विचारलं, अबे लाइट काहून नाही लावला.

फक्त समोरचं मोठं झाड राहिलं, ज्याच्याशी तू बोलणार आहेस. फाल्गुनात सगळ्यात खरं झाड म्हणजे मोहाचं. माझ्याकडे मागच्या फाल्गुनातला एक फोटो आहे, आपल्या शेताच्या टोकाला जंगलाला लागून असलेल्या वाकड्याचा, त्या मोहाला घरात सगळे वाकड्याच म्हणतात. तू ते झाड पाहिलं असशील. त्याची एक फांदी खूप खाली आहे, बाकासारखी. पानं सगळी गळलेली, वर नुसते फुलांचे घोस.

पण एक अडचण आहे. त्याच्याखालची जमीन काळी आहे. मोहाच्या दिवसांत सगळे आपापल्या झाडाखालचा पाला झाडून जाळतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पडलेली फुलं दिसतात. वाकड्याखालीही बाबा दरवर्षी जाळतात, झाडून अंगणासारखं करतात. पण तिथली फुलं ते वेचत नाहीत. आईलाही वेचू देत नाहीत. पहाटे सडा पडतो आणि दुपारपर्यंत बकऱ्या खाऊन जातात. मला वाटतं, तिथपर्यंत जाईतो टोपली भरून जाते आणि त्यांची कंबर दुखते. एकदा विचारलं तर म्हणाले, "राहू दे ना बे. तुले काय करा लागते."

तर ती काळी जमीन ठेवू, की गवत लावू? काळी ठेवली तर शहरातल्या माणसाला वाटेल की आग लागली होती.

टेकचंद


वडसा
९ ऑक्टोबर

टेकू,

तुझं पत्र तालमीच्या मधेच आलं. वाचलं आणि पुढचं वाक्य विसरले. मास्तरांनी दोनदा सुचवलं, तरी आठवेना. शेवटी डोकं दुखतंय म्हणून बाहेर येऊन बसले.

वाकड्या माझा आहे.

तुझ्या आजोबांनी मी लहान असतानाच सांगून ठेवलं होतं, वाकड्याचा मोहा शीलाचा. त्याचे पैसे घरात यायचे नाहीत, माझ्या हातात यायचे. त्या पैशांच्या बांगड्या, रिबिनी, आणि लांजीच्या जत्रेत पाळण्यात बसणं. वेचायचा मात्र दादा. पहाटे मला झोपेतून उठवून न्यायचा, त्या खालच्या फांदीवर बसवायचा आणि खाली एकटाच वेचत राहायचा. मी वर डुलक्या घ्यायची. पडशीन, पडशीन, म्हणून खालून ओरडायचा. टोपली भरली की माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, घे शेठानी.

दादाची कंबर दुखत असेल, टेकू. वय झालंच आहे त्याचं. पण ज्या झाडाची फुलं वेचायचीच नाहीत, त्याच्याखाली कंबर दुखणारा माणूस वाकून झाडू मारत नाही.

तेच झाड लाव. जमीन काळीच ठेव, शहरातल्या माणसाला काय वाटायचं ते वाटू दे. फुलं थोडी पडलेली दाखव, फार नको, पहाट नुकतीच झाली आहे. त्या खालच्या फांदीपुढे आम्ही झाडाच्या रंगाचं एक स्टूल ठेवू. मी त्यावर बसेन, म्हणजे लांबून फांदीवर बसल्यासारखी दिसेन. स्टूल नेमकं कुठे ठेवायचं ते पडदा टांगल्यावर आमचा माणूस पाहील. मला तर डोळे मिटूनही सापडेल.

छपाईचे पैसे आमच्या मालकांनी रीनाजवळ दिले आहेत, ती आणून देईल. लवकर कर. दिवाळीनंतर आमचे प्रयोग सुरू होतात.

आत्या


किरनापूर
बुधवार, २२ ऑक्टोबर, सायंकाळी साडेपाच, गोठ्यातून आत्ताच आलो

आत्या,

पडदा छापून झाला आहे. परवा गोंदियाहून आणला. दुकानाच्या कोपऱ्यात गुंडाळून उभा आहे. चांगला आला आहे, असं मी पहिल्यांदाच लिहितो. पण तो मी देणार नाही.

आज सकाळी प्रेमलालकाका मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाटकाची पत्रकं वाटत आले. ७ नोव्हेंबर, आपल्या गावची मंडई, वडशाची कंपनी, आणि खाली मोठ्या अक्षरात तुझं नाव. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतात एवढंच तू लिहिलं होतंस. एक प्रयोग आपल्याच गावात आहे हे तुला तेव्हा माहीत नव्हतं का? मला वाटतं, होतं. रीनाला विचारलं, तर ती म्हणाली की तारीख तर भाद्रपदातच ठरली होती.

बाबांनी पत्रक हातात घेतलं. वाचलं. मग घडी घातली, अगदी लहान होईपर्यंत, आणि तेलाच्या डब्याच्या खाली डबा डुलू नये म्हणून लावली. प्रेमलालकाका म्हणाले, "हेमराज, तुह्या बहिणीचं नाटक होय, समोरची खुर्ची ठेवतो." बाबा म्हणाले, धान राखायला जायचं आहे.

आता मला सांग. मंडईला गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. त्या सगळ्यांसमोर, त्यांच्या जावयांसमोर बाबांची बहीण स्टेजवर उभी राहून म्हणणार की माहेरचं दार कोणी उघडत नाही. मागे बाबांच्या शेतातलं झाड. आणि ते झाड तिथे लावलं कोणी, तर त्यांच्या मुलाने, त्यांना न सांगता. लोक काय म्हणतील ते सोड. बाबा मला काय म्हणतील, याचा विचार तू केलास का? ते काही म्हणणार नाहीत. तेच मला सहन होणार नाही. तुझं नाव जसं घरात निघत नाही, तसं माझंही निघणार नाही.

छपाईचे पैसे मी दरमहा थोडे थोडे परत करीन.

टेकचंद


वडसा
२६ ऑक्टोबर

टेकू,

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. तारीख मला माहीत होती. तुला सांगितली असती तर तू पहिल्याच पत्रात नाही म्हणाला असतास, आणि मला तुझं एकही पत्र मिळालं नसतं. हेही खरं आहे.

दादाला मी पत्रं लिहिली आहेत रे. तुझ्या आईला विचार, ती पत्रं कुठे गेली. चुलीत. मग मी विचार केला, वीस फुटांचा पडदा चुलीत जात नाही. एवढाच माझा हिशेब होता. त्याला खाली पाडावं, गावासमोर रडवावं, असं माझ्या मनात नव्हतं. वाकड्याचं तर तेव्हा नावही नव्हतं, ते तू आणलंस. तू सांगितलंस की तो अजून माझ्या झाडाखाली झाडतो. ते वाचल्यापासून मला एकच वाटतं, त्याला दिसावं की मला कळलं. बाकी काही नको. तो न बोलता राहिला तरी चालेल, पण मला माहीत नाही असं समजून राहू नये.

भाऊबीजेला मी इथे आमच्या हार्मोनियमवाल्याला ओवाळते. चांगला माणूस आहे, दरवर्षी साडी आणतो. पण त्याला ओवाळताना मला नाटकातलं ओवाळणं आणि खरं ओवाळणं यातला फरक करता येत नाही. या वर्षी तबक हातात घेऊन मी तशीच उभी राहिले, तर तो म्हणाला, ताई, दिवा विझतो.

पडदा देऊ नको. तुझ्यावर हे ओझं घालायला नको होतं. आमच्याजवळ जुना रंगवलेला पडदा आहे, जंगलाचाच, त्यात एक मोर आहे आणि त्याला तीन पाय आहेत. मी त्याच्यापुढे उभी राहीन. पण गावी मी येणार. ते तुझ्याने थांबायचं नाही, आणि दादाच्यानेही नाही.

पैसे पाठवू नको. मारीन.

आत्या


किरनापूर
रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी आठ, चहा पिऊन बसलो आहे

आत्या,

नाटक संपल्यावर तुमचा ट्रक लगेच पुढच्या गावी निघाला. आपलं बोलणं झालं नाही. तू स्टेजवरून काय पाहिलंस ते मला माहीत नाही. मी खालून पाहिलेलं लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मी पडदा फरशीवर पसरला होता. अर्धाच मावला. त्यात तू नव्हतीस, बाबा नव्हते, मीही नव्हतो. धुकं होतं, वाट होती आणि झाड होतं. मला वाटलं, ज्याचं झाड आहे त्याला ते दाखवायला नाही म्हणणारा मी कोण? मंडईच्या दिवशी पडदा सायकलला आडवा बांधून आणला आणि तुमच्या ट्रकवाल्याच्या हवाली केला. तू तेव्हा मेकअपला बसली होतीस, म्हणून तुझ्यासाठीचा निरोपही त्याच्याजवळच दिला.

त्या दिवशी घरी पाहुणे होते. जेवणं झाली तशी बाबांनी घोंगडी उचलली आणि धान राखायला जातो म्हणून निघाले. आईने विचारलं नाही की कापून घरी आलेलं धान शेतात जाऊन कसं राखणार. ती फक्त म्हणाली, थंडी आहे, कानाले बांधून घ्या. नाटक सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. फुटाणेवाल्याच्या गाडीमागे घोंगडी उभी होती. तोंड दिसत नव्हतं, पण कानाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता.

मग जंगलाचा प्रवेश आला.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. जंगलाचे सगळे फोटो मी दसऱ्याला काढले होते, त्यांत ऊन डावीकडून येत होतं. वाकड्याच्या जुन्या फोटोत ते उजवीकडून होतं. एका चित्रात दोन बाजूंनी उजेड आला की ते खोटं पडतं. पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकलं आहे हे कळतं. म्हणून मी झाड आरशात दिसतं तसं उलटं करून लावलं. सावल्या जुळल्या. मला इतका आनंद झाला की खालची फांदीही त्यामुळे उजवीकडची डावीकडे गेली, हे मी पाहिलं नाही. तुमच्या माणसाने स्टूल पडद्यात पाहून फांदीपुढे ठेवलं, म्हणजे बरोबर ठेवलं.

पडदा उघडला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, हे तं आपल्या इकडचंच वाटते." कापडाच्या मागून थोडा वारा येत होता आणि धुकं हलत होतं. मी ते धुकं स्वतः ब्रशने केलेलं, तरी मला वाटलं की आता ते खाली उतरून खुर्च्यांमध्ये येईल. तू आलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. चार पावलं टाकलीस आणि झोपेत चालल्यासारखी सरळ उजव्या बाजूला गेलीस, जिथे फांदी खरोखर आहे. तिथे काही नव्हतं. तू हात पुढे केलास, आणि हात तसाच राहिला.

तू बोलेनास. हार्मोनियमवाले तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. लोकांना वाटत होतं की असंच आहे. मला माहीत होतं की तसं नाही.

मग मागून आवाज आला.

"शीले, तिकडे नाही. इकडे ये. उलटं लावलं पोट्ट्यानं."

बाबा फुटाणेवाल्याच्या गाडीपुढे आले होते. घोंगडी खांद्यावर घसरली होती. सगळ्या गावाने माना वळवल्या. तू कपाळावर हात धरून अंधारात पाहिलंस, जसं शेतातून लांबच्या माणसाकडे पाहतात.

तू म्हणालीस, "मंग मले पयलेच सांगाचं होतं न, दादा."

आणि डाव्या बाजूला येऊन स्टुलावर बसलीस. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. नंतर तू झाडाशी बोललीस, ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी मागे पाहत होतो. बाबा शेवटपर्यंत उभे होते. कोणी खुर्ची दिली तर घेतली नाही. नाटकातली बाई झाडापासून उठून निघून गेल्यावर त्यांनी नाक शिंकरलं आणि घरी निघाले. शेताकडे नाही, घराकडेच.

मी पहाटेपर्यंत जागा होतो. वाटत होतं, आता बोलावतील. सकाळी बोलावलं. तेलाच्या डब्याजवळ बसले होते. म्हणाले, झाड सरळ करून दुसरा पडदा छाप, कंपनी गावोगाव फिरणार, आपलं झाड लोकांना उलटं काहून दाखवा लागते. मी त्यांना उजेडाचं समजावलं, सावल्यांचं सांगितलं, सरळ केलं तर चित्र खोटं पडेल असं म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग झाड नको फिरवू ना. उजेड फिरव."

आत्या, हे मला सुचलंच नव्हतं. काल दुकानात बसून झाड सोडून बाकी सगळं जंगल फिरवलं. वाट, वारूळ, धुकं, चारही रांगा. दुपारपर्यंत सगळं जुळलं. आता पहाट दुसऱ्या बाजूने होते आणि फांदी आपल्या जागी आहे. आज गोंदियाला छापायला नेतो. रीना परवा तुमच्याकडे येईल, तिच्याजवळ देईन. जुना पडदा परत पाठव, बाबांना तो धान झाकायला हवा आहे. स्टूल उजवीकडे ठेवायला सांग, आणि दिवेही आता त्याच बाजूने जास्त ठेवायला सांग.

खर्च असा येईल:
कापड आणि छपाई, ४,८०० रुपये.
शिलाई व बांबूची पट्टी, ३०० रुपये.
गोंदिया जाण्या-येण्याचं बसभाडं, १६० रुपये.
एकूण ५,२६० रुपये.
बाबांनी दिले ४,००० रुपये.
बाकी १,२६० रुपये.

बाकी कोणाच्या नावावर लिहू, असं विचारलं. बाबा म्हणाले, "शीलाच्या. फागुनात येईल तवा तिच्यापासून घेजो."

टेकचंद